२४,२०० रुपये गेले आणि गाडी होती तिथेच

आधी हिशेब, पोलिसांनी उचललेली माझी गाडी सोडवून देतो म्हणणाऱ्या कोर्टाबाहेरच्या दलालाला दिलेल्या पैशांचा. १,५०० अर्ज, स्टॅम्प आणि नोटरीचे. १०,००० ‘कोर्टाचा दंड’. ८,५०० ‘आतल्या माणसांचे’. ४,२०० यार्डातल्या सात दिवसांचे, दिवसाला ६०० प्रमाणे. एकूण २४,२००. यातला एक रुपयाही कोर्टात, ठाण्यात किंवा यार्डात पोचला नाही. गाडी सोडण्याचा आदेश म्हणून व्हॉट्सॲपवर जो फोटो आला, तो यार्डावरच्या हवालदाराने अंगठ्याने एकदा वर सरकवला आणि मोबाईल परत दिला. ‘कोणी दिलं हे?’ एवढंच विचारलं. हसला नाही, हीच मेहरबानी.

गाडी माझ्या नावावर. चालवत मेहुणा होता, आणि प्यायलेला होता. त्याची बाजू घेत नाही. पकडला ते बरंच झालं. पण ‘दारू पिऊन चालवता ना, मग भोगा’ म्हणणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं. आरोपी एक असतो, आरसी दुसऱ्याच्या नावावर असते, आणि दलाल बरोबर या दुसऱ्याला हेरतो. आरोपी लाजेने घरात बसलेला असतो. मालकाला मात्र गाडी सोमवारी सकाळी दारात हवी असते.

दलाल कसा गाठतो, ते सांगत बसत नाही. काळी पँट, पांढरा शर्ट, काखेत फाईल, ‘काका, उन्हात कशाला उभे’ वगैरे सगळ्यांना माहीत आहे. मलाही माहीत होतं. तरी फसलो, कारण त्याने वेळ अचूक साधली. शुक्रवार, दुपारचे चार, दुसऱ्या दिवशी दुसरा शनिवार, मग रविवार. ‘आज नाही झालं तर थेट सोमवार, आणि यार्डाचं मीटर चालूच.’ हे मीटर प्रकरण पूर्ण बनावट होतं. टोइंगचा आकार असतो, त्याची पावती मिळते. दिवसाला ६०० रुपये घेणारं मीटर त्या यार्डात नव्हतंच. विचारायला हवं होतं, आणि यार्डातच विचारायला हवं होतं, कोर्टाच्या फाटकावर नव्हे.

आता ज्या क्षणी कळायला हवं होतं, तो. क्यूआर कोड स्कॅन केला, १०,००० टाकले, आणि पिन टाकायच्या आधी स्क्रीनवर नाव आलं: कुठल्याशा मोबाईल ॲक्सेसरीजच्या दुकानाचं. कोर्टाचा दंड मोबाईल कव्हर विकणाऱ्याच्या खात्यात! नाव वाचलं, हे सगळ्यात वाईट. वाचलं नसतं तर डोळे झाकून फसलो म्हणता आलं असतं. मी वाचलं, त्याच्याकडे पाहिलं, तो म्हणाला ‘स्टेशनरीवाल्याचा कोड आहे, आपलं मशीन बंद पडलंय’, आणि मी पिन टाकला. हे सगळं तीन-चार सेकंदांत. त्या सेकंदांवर आता रोज रात्री अर्धा तास जातो.

आणि खरं तर त्याहून आधीच कळायला हवं होतं. मी विचारलं होतं, केस नंबर काय? तो म्हणाला, ‘नंबर नंतर पडतो, दंड आधी भरून ठेवायचा.’ हे शंभर टक्के खोटं आहे, पाठ करून ठेवा. मोटार वाहन कायद्याचं कलम १८५, म्हणजे ड्रंक अँड ड्राइव्ह, जागेवर दंड भरून मिटवता येत नाही. तडजोडीच्या कलमांची जी यादी कलम २०० मध्ये आहे, तिच्यात १८५ नाहीच. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. पुन्हा सापडला तर दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा १५,००० दंड, किंवा दोन्ही. हे न्यायाधीश ठरवतात. त्यासाठी प्रकरण कोर्टात दाखल व्हावं लागतं आणि आरोपीने गुन्हा कबूल करावा लागतो, नाहीतर तो सिद्ध व्हावा लागतो. आरोपी मेहुणा होता. दंड माझ्याकडून कसला घेत होता?

पण आकडा बरोबर होता ना! मी घरून कायदा वाचून गेलो होतो. रक्तातल्या अल्कोहोलची ३० मिलिग्रॅमची मर्यादा, दहा हजारांचा दंड, सगळं मोबाईलवर बघितलेलं. त्याने नेमके दहा हजार सांगितले आणि मला वाटलं, माणूस खरं बोलतोय. बारा हजार म्हणाला असता तर मी सटकलो असतो. अर्धवट अभ्यास असलेल्यालाच हे लोक जास्त सहज गिळतात.

गाडी सोडवायची खरी वाट इतकी सरळ आहे की लिहिताना संताप येतो. पहिला प्रश्न ठाण्यात, ठाणे अंमलदाराला: गाडी कशाखाली ठेवली आहे, आणि जप्ती पंचनामा झालाय का? चालकाला १८५ खाली अटक झाली की गाडीची तात्पुरती व्यवस्था लावायचा अधिकार पोलिसांना कलम २०२(३) ने आहे. म्हणजे गाडी रस्त्यात सोडता येत नाही म्हणून उचलली. नुसतं एवढंच असेल, तर पुष्कळदा मालक आरसी, विमा, पीयूसी, ओळखपत्र आणि सोबत शुद्धीवर असलेला, लायसन्स असलेला चालक घेऊन गेला की लेखी पोच घेऊन गाडी मिळते. ज्याला पकडलं त्याला पाठवू नका. त्याचं लायसन्स कलम २०६ खाली काढून घेतलेलं असतं आणि निलंबनासाठी पुढे आरटीओकडे जातं.

जप्ती पंचनामा झाला असेल, किंवा १८५ सोबत निष्काळजीपणे गाडी चालवण्याचं कलम लागलं असेल, कोणाला इजा झाली असेल, तर गाडी मुद्देमाल झाली. मग मात्र कोर्टाचा आदेश लागतो. अर्ज भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ किंवा ५०३ खाली करायचा. हीच जुन्या सीआरपीसीतली (फौजदारी प्रक्रिया संहितेतली) ४५१ आणि ४५७. १ जुलै २०२४ पासून नंबर बदलले. माझ्या ‘आदेशा’वर काय छापलं होतं? सीआरपीसी ४५७. दलालाने जुना नमुना वापरला आणि मी तेवढंही तपासलं नाही.

अर्जासोबत मालकाचं शपथपत्र, आरसी, विमा, आधार. आरसी डॅशबोर्डच्या कप्प्यात राहिली असेल (राहतेच), तर डिजिलॉकरमधून प्रिंट काढा. नुसता मोबाईल दाखवून कोर्टात भागत नाही. अर्ज दाखल झाला की कोर्ट पोलिसांचा आणि सरकारी वकिलांचा ‘से’, म्हणजे लेखी म्हणणं, मागवतं. दिवस जातात ते इथे. से तपासी अंमलदाराच्या टेबलावर पडून राहतो, म्हणून त्याच दिवशी अर्जाची प्रत ठाण्यात द्या आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. से आला की आदेश, आदेशाप्रमाणे रकमेचा सुपूर्तनामा (गाडी सांभाळून बोलावल्यावर हजर करण्याचं बंधपत्र), मग आदेशाची प्रत घेऊन ठाण्यात, तिथून यार्डात. गाडी विकायची नाही, रंग किंवा रूप बदलायचं नाही, बोलावलं की हजर करायची, अशा अटी असतात. ठाण्याच्या आवारात गाड्या सडवत ठेवू नका, असं सर्वोच्च न्यायालयाने सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात २००२ सालीच सांगून ठेवलंय. वकिलाला अर्जात हा निकाल घालायला सांगा.

वकील लागतोच असं नाही, पण घेतला तर सनद नंबर, म्हणजे बार कौन्सिलकडचा नोंदणी क्रमांक, विचारा. महाराष्ट्रातला असेल तर ‘एमएएच’, मग आकडा, मग वर्ष असा असतो. आणि वकीलपत्रावर सही केल्याशिवाय कोणी तुमच्या वतीने कोर्टात उभा राहू शकत नाही. मी वकीलपत्र पाहिलंच नव्हतं. कोऱ्या कागदावर दोन सह्या मात्र केल्या. पैसे फक्त पावतीवर. केस दाखल झाली की सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर नंबर मिळतो. तो ई-कोर्ट्सच्या ॲपमध्ये टाकला की तारीख, न्यायालय, टप्पा सगळं दिसतं. ज्याच्याकडे सीएनआर नाही, त्याच्याकडे तुमची केसही नाही.

८,५०० बद्दल. हे ‘साहेबांचे’ म्हणून दिले, आणि मला ठाऊक होतं की हे लाच या शब्दात बसतं. त्यामुळेच पुढचे पाच दिवस मी तक्रारीला गेलो नाही. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार असतो. जबरदस्तीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांच्या आत कळवलं तरच सूट. दलालाचं सगळं गणित या भीतीवर उभं आहे. त्या ठाण्यातल्या कोणाला एक रुपया मिळाला असेल असं मला आता वाटत नाही, पण मला तोंड बंद ठेवायला ते नाव पुरलं. कोणी खरंच मागत असेल तर देण्याआधी १०६४ वर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला फोन करा.

आणि मग अधिकाऱ्यांची वारी. कोर्टाच्या हद्दीतलं ठाणं म्हणालं, गाडीचं प्रकरण त्या ठाण्याचं, तिकडे जा. त्या ठाण्याने सांगितलं, पैसे कोर्टाच्या फाटकावर दिलेत, हद्द आमची नाही. हद्द नसली तरी शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवायची तरतूद नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आहे, हे मी सांगितल्यावर ‘तुम्ही वकील आहात का?’ असं उत्तर. मग म्हणे यूपीआयने गेले ना, सायबरला जा. सायबरवाले म्हणाले, ओटीपी गेला नाही, लिंक नव्हती, तुम्ही समोर उभं राहून स्वतः पाठवलेत, हे सायबर नव्हे. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला तेव्हा सहावा दिवस होता. तक्रार घेतली, पण पैसे केव्हाच काढून घेतलेले. (पहिल्या तासात केला असता तर खातं गोठायची शक्यता होती. पैसे गेले असं वाटलं की आधी १९३०, मग बाकीचं.) शेवटी एका ठाण्याने एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, लिहून घेतली. फसवणूक करून पैसे काढून घेणं हे भारतीय न्याय संहितेच्या ३१८(४) खाली दखलपात्र आहे. यांनी हलकं कलम लावून अदखलपात्र केलं, म्हणजे तपास करायला नको.

बार कौन्सिलकडे लिहिलं, तर तो वकील असेल तरच तिथे तक्रार चालते, आणि तो वकीलच नाही. वकील नसताना वकिलीचा आव आणणं हा ॲडव्होकेट्स ॲक्टच्या कलम ४५ खाली गुन्हा आहे, पण ते पाहायचं कोणी? त्याच कायद्यात २०२३ च्या दुरुस्तीने दलालांच्या याद्या करून कोर्टात लावायची तरतूद आली. आमच्या कोर्टाच्या फलकावर कँटीनचं टेंडर आणि हरवलेल्या छत्रीची नोटीस होती. यादी नव्हती. नाव यादीत असूनही दलाली केली तर तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा ५०० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पाचशे! माझ्याकडून एका तासात त्याने याच्या अठ्ठेचाळीस पट नेले.

‘केस क्लोज’ असंही तो म्हणाला होता. गाडी सुटणं आणि केस संपणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मेहुण्याला समन्स आलं, तो हजर राहिला, दहा हजार खरे भरले, पावती घेतली. समन्स टाळलं असतं तर वॉरंट निघालं असतं, आणि फसवणूक उघड झाली नसती तर टाळलंच असतं, कारण आमच्या मते केस क्लोज होती.

ताबा घेताना घाई करू नका. पंचनाम्याची प्रत हातात धरून चेसिस नंबर, किलोमीटर, स्टेपनी, जॅक, बॅटरी, टेप हे एकेक ताडून बघा, चारही बाजूंनी फोटो काढा आणि मगच सही करा. तीन आठवडे उभ्या गाडीची बॅटरी उतरलेली असते. यार्डाबाहेरचा मेकॅनिक ‘बॅटरी गेली, नवी टाका’ म्हणेल. जंपर केबल घेऊन जा, बहुतेक वेळा तेवढ्याने चालू होते. हँडब्रेक ओढून ठेवलेला असेल तर मागचे ब्रेक चिकटलेले असतात, जोर न लावता थोडं पुढे-मागे करून सोडवा. बॉनेट उघडून वायरिंग बघा, उंदीर असतात. आणि विम्याची तारीख बघा. गाडी यार्डात असताना मुदत संपली असेल तर ती चालवत बाहेर काढू नका. आमच्या गाडीत स्टेपनी नव्हती. पंचनाम्यात मात्र ‘स्टेपनी १’ असं लिहिलेलं होतं, म्हणून मुद्देमाल कारकुनाला आत जाऊन कुठून तरी एक आणावी लागली. साइज बरोबर आहे, रिमचा रंग वेगळा आहे.