घरात मोठा मरीन टँक बसवून देतो म्हणून साडेसहा लाखांना फसवलं – वीज, चिलर, बॅटरी सगळं तपासून घ्या

घरात मोठा खाऱ्या पाण्याचा टँक करायचं ज्यांच्या डोक्यात आहे त्यांच्यासाठी लिहितोय, खास करून नागपूर, अकोला, चंद्रपूरसारख्या तापणाऱ्या गावांतल्या लोकांसाठी. आमचे साडेसहा लाख गेले. पैसे एकवेळ भरून निघतील, पण त्या पाण्यात करंट उतरत होता आणि घरातली लहान मुलगी रोज तिथेच उभी राहून मासे बघायची, हे आठवलं की आजही अंगावर काटा येतो.

टँक ८ फूट लांब, अडीच फूट रुंद, अडीच फूट उंच, म्हणजे साधारण १४०० लीटर पाणी. काच, दगड, स्टँड धरून वजन दोन टनांच्या घरात जातं. आमचं तळमजल्याचं घर म्हणून तो प्रश्न आला नाही, पण फ्लॅटवाल्यांनी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण घराच्या स्लॅबवर वापराचा भार चौरस मीटरला २०० किलोच्या हिशोबाने धरतात आणि असा टँक त्याच्या पाचपट भार टाकतो.

ज्याने काम घेतलं त्याचं नाव लिहीत नाही, प्रकरण ग्राहक आयोगात आहे. त्याचं म्हणणं, तुम्ही फक्त जागा दाखवा, टँक, संप (खालची फिल्टरची टाकी), चिलर (पाणी थंड ठेवणारं मशीन), लाइट, इन्व्हर्टर, वेगळं वायरिंग, अर्थिंग, महावितरणकडून लोड वाढवून घेणं, सगळं माझ्याकडे. महिन्याला २०० युनिटच्या वर जाणार नाही आणि लाइट गेली तरी ८ तास सगळा टँक इन्व्हर्टरवर चालेल, हे त्याने आमच्या नातेवाइकांसमोर छातीठोकपणे सांगितलं होतं.

आता हिशोब बघा. रिटर्न पंप (संपमधलं पाणी परत टँकमध्ये चढवणारा) १०० वॅट, वेव्हमेकर (टँकमधलं पाणी हलतं ठेवणारे पंखे) सगळे मिळून १२०, स्किमर (फेसातून घाण काढणारं मशीन) ५०, हे चोवीस तास चालतात म्हणजे दिवसाला साडेसहा युनिट. लाइट ६०० वॅट, नऊ तास, साडेपाच युनिटच्या आसपास. एक एचपीचा चिलर ९०० वॅट धरा, उन्हाळ्यात तो १२ तास तरी चालणार, म्हणजे अजून जवळपास ११. दिवसाचे २२-२३ आणि महिन्याचे पावणेसातशे युनिट, घराचा फ्रीज, कूलर वेगळाच, आणि ५०० युनिटच्या वरचा दराचा टप्पा सगळ्यात महाग असतो. २०० युनिट सांगणारा माणूस एकतर खोटं बोलतोय नाहीतर कमी ताकदीचा माल बसवणार आहे. आमच्याकडे दोन्ही होतं.

मे महिन्यात दुपारी लाइट गेली आणि इन्व्हर्टर अर्धा तासही टिकला नाही. पाणी आधीच ३१ अंशांच्या वर होतं, चिलर सतत चालू असूनही २६ ला येतच नव्हतं. पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो, त्यात पंप बंद म्हणजे पाणी हलणंही बंद. मासे वर येऊन धापा टाकायला लागले. क्लाऊन माशांची जोडी वाचली, दोन्ही टँग मासे गेले, आणि मुलगी दोन दिवस नीट जेवली नाही.

त्यानंतर बायको काच पुसताना म्हणाली, पाण्यात बोटं घातली की मुंग्या येतात. लगेच मेन स्विच बंद केला आणि ओळखीच्या लायसनवाल्या इलेक्ट्रिशियनला बोलावलं. वयस्कर माणूस, शांतपणे एकेक बोर्ड उघडत गेला. टँकमागचा बोर्ड उघडल्यावर टॉर्च मारून म्हणाला, "भाऊ, ही हिरवी वायर कुठंच जात नाही." खरंच, अर्थिंगची वायर सॉकेटच्या पिनला जोडलेली होती आणि बॉक्सच्या मागे वीतभर जाऊन कापलेली होती, बाहेरून बघणाऱ्याला सगळं व्यवस्थित दिसावं म्हणून. अर्थिंगच्या खड्ड्याचे १८ हजार बिलात लावलेले, खड्डा नाहीच. ३० मिलीअँपचा आरसीसीबी (करंट गळाला की लाइन तोडणारा स्विच) लिहिलेला, त्या जागी साधा एमसीबी (फक्त जास्त लोड किंवा शॉर्ट झाल्यावर पडणारा). मिठाचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा कितीतरी जास्त करंट वाहतं, तिथे असं करणं म्हणजे माणसाच्या जिवाशी खेळणं आहे, मी याला नुसती फसवणूक मानत नाही.

मग इलेक्ट्रिशियनने चिलरला क्लॅम्प मीटर (वायरभोवती लावून करंट मोजायचा मीटर) लावला. एक एचपीने ४ अँपिअरच्या आसपास तरी घ्यायला पाहिजे, हा दीड घेत होता. मागची रिव्हेट मारलेली मूळ पट्टी काढलेली, रिव्हेटची चार भोकं तशीच, आणि बाजूला १ एचपीचं चकचकीत स्टिकर. १५० एएचची ट्यूब्युलर बॅटरी ॲसिडसकट ५० किलोच्या वर भरते, आमच्या दोन्ही त्याने एकट्याने सहज उचलल्या. एकीचं लेबल नखाने सोललं तर खाली दुसऱ्याच कंपनीचं जुनं लेबल.

आणि अस्सल बॅटऱ्या असत्या तरी ८ तास शक्य नव्हते. दोन बॅटऱ्या मिळून कागदावर ३६०० वॅट-अवर, हाती अडीच हजार लागतात असं धरा, सगळा टँक पावणेदोन हजार वॅट ओढतो, दीड तासही होत नाही. रिटर्न पंप आणि वेव्हमेकर एवढेच इन्व्हर्टरवर ठेवले तर मात्र १०-११ तास निघतात. म्हणून जीव वाचवणाऱ्या वस्तूंची लाइन वेगळी काढून घ्या, चिलर आणि लाइट त्यावर टाकू देऊ नका, आणि बॅटरीवर चालणारा एअर पंप घरात पडलेला असू द्या.

लोड वाढवल्याचे पैसे त्या टँकवाल्याने घेतले होते, पण महावितरणच्या बिलावर मंजूर भार छापलेला असतो, तो जुनाच निघाला, अर्जच केला नव्हता. त्याच्या बिलावरचा जीएसटी नंबर पोर्टलवर टाकला तर भलत्याच जिल्ह्यातल्या कपड्याच्या दुकानाचा.

त्याने मला हार्ड कोरल (दगडी प्रवाळ) आणि समुद्री घोडे "आतून" आणून देतो असंही सांगितलं होतं, ते मी तिथेच नाकारलं. हे प्राणी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात संरक्षित आहेत, असं कोणी विचारलं तर त्या माणसाशी बाकीचा व्यवहारही करू नका.

आता काम पुन्हा नीट करून घेतलंय, यावेळी पैसे टप्प्याटप्प्याने, प्रत्येक मशीन मीटर लावून तपासल्यावरच. जुना चिलर आणि बॅटऱ्या तशाच ठेवल्यात, त्यांना हात लावू दिला नाही, तो पुरावा आहे. तक्रारीसाठी आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला, मग जिल्हा ग्राहक आयोगात गेलो. मुदत दोन वर्षांची असते, त्यामुळे ज्यांच्याकडे असाच स्टिकर लावलेला माल निघालाय त्यांनी बिलं, चॅट, यूपीआयच्या पावत्या डिलीट करू नका, आणि काढून टाकायच्या आधी प्रत्येक वस्तूचा चालू मीटरसकट व्हिडिओ करून ठेवा.