अखंड भिंत की मधला पडदा आणि पट्ट्या: ९६ पॅनलचा हिशेब

चाळीस फुटी मंच, मागे काळा पडदा आणि भाड्याने येणारी ९६ एलईडी पॅनल एवढी सामग्री वाद्यवृंदाच्या, स्नेहसंमेलनाच्या किंवा लग्नातल्या संगीताच्या आयोजकासमोर ठेवली, की पहिला प्रश्न दराचा निघतो. दर चौरस फुटावर ठरतो आणि मांडणी कोणतीही केली तरी चौरस फूट तेवढेच राहतात, त्यामुळे दरपत्रक पाहून निर्णय होत नाही. पुढील तुलना अशा दोन मांडण्यांची आहे. पहिल्या मांडणीत सगळी पॅनल एकाच भिंतीत जातात. दुसऱ्या मांडणीत मध्ये एक मोठा पडदा आणि दोन्ही बाजूंना मोकळ्या जागा सोडून उभ्या केलेल्या पट्ट्या असतात. यांतून निवड करताना चित्र कसे दिसेल याचा विचार होतोच. मॅपिंग, म्हणजे चित्राचा कोणता भाग कोणत्या पॅनलवर जाईल याची आखणी, कोण आणि कुठे करणार, याचा विचार मात्र बहुतेक वेळा पॅनल उभी राहिल्यावर सुरू होतो आणि तोवर उशीर झालेला असतो.

आधी मापे घेऊ. भाड्याच्या व्यवसायात सध्या सर्वाधिक चालणारे पॅनल ५०० बाय ५०० मिलिमीटरचे आहे. त्याची पिच (शेजारच्या दोन पिक्सेलमधले अंतर) ३.९१ मिलिमीटर असेल तर एका पॅनलमध्ये १२८ बाय १२८, म्हणजे १६,३८४ पिक्सेल बसतात. आपल्याकडे बोलणी फुटांत होतात आणि पॅनल मीटरचे असते, त्यामुळे ‘बारा बाय आठ’ अशी मागणी नोंदवली की प्रत्यक्षात सात बाय पाच पॅनलची, म्हणजे साधारण साडेअकरा फूट रुंद आणि आठ फुटांहून किंचित उंच भिंत उभी राहते. नेपथ्यकाराने बारा फुटांची चौकट आधीच ठोकून ठेवलेली असेल तर दोन्ही बाजूंना तीन-तीन इंचांची काळी फट उरते आणि ती झाकायला रात्री अकरा वाजता कापड शोधत फिरावे लागते. म्हणून मागणी पॅनलच्या संख्येत लिहून द्यावी. फूट कंसात टाकले तरी चालतील.

पहिली मांडणी सोळा बाय सहा पॅनलची, म्हणजे आठ मीटर रुंद आणि तीन मीटर उंच. पिक्सेलमध्ये ती २०४८ बाय ७६८ भरते. दुसऱ्या मांडणीत मधला पडदा दहा बाय सहा, म्हणजे पाच मीटर बाय तीन मीटरचा ठेवला, की छत्तीस पॅनल उरतात आणि त्यांतून एक पॅनल रुंद व सहा पॅनल उंच अशा सहा पट्ट्या होतात. प्रत्येक बाजूला तीन पट्ट्या आणि प्रत्येक पट्टीआधी अर्धा मीटर मोकळी जागा सोडली तर सगळी रचना अकरा मीटरपर्यंत पसरते. तेवढ्याच पॅनलमध्ये आणि तेवढ्याच भाड्यात बारा मीटरचा मंच जवळपास पूर्ण भरतो, आणि मधल्या मोकळ्या जागांतून प्रकाशयोजनाकाराला मागून दिवे मारता येतात. पहिल्या मांडणीत त्याला भिंतीच्या वर आणि दोन्ही टोकांना जेवढी जागा उरेल तेवढ्यावर भागवावे लागते. नृत्य आणि तालवाद्ये यांचा भर असलेल्या कार्यक्रमाला दुसरी मांडणी शोभते, हे मी निःसंकोच म्हणेन.

मात्र पडद्यावर मजकूर दिसणार असेल तर पारडे फिरते. देवनागरीची शिरोरेखा हा एलईडी भिंतीचा सर्वांत कठोर परीक्षक आहे. रोमन अक्षरे सुटी असतात, त्यामुळे दोन पॅनलमधली शिवण दोन अक्षरांच्या मध्ये लपून जाते. शिरोरेखा मात्र शब्दाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग धावते, आणि एखादे पॅनल दीड मिलिमीटर खाली बसले असले तरी पायरी पडल्यासारखी तुटलेली दिसते. पट्ट्यांच्या मांडणीत गीताचे शब्द किंवा प्रायोजकांची नावे मोकळ्या जागांवरून नेणे तर शक्यच नसते. सगळा मजकूर मधल्या पाच मीटरमध्ये बसवावा लागतो. थेट कॅमेऱ्याचे चित्र दाखवायचे असेल तर ही मर्यादा फारशी जाचत नाही, कारण १६ : ९ प्रमाणातले चित्र पाच मीटर रुंदीत २.८ मीटर उंच होते आणि मधला पडदा जवळजवळ भरतो. आठ मीटरच्या भिंतीवर तेच चित्र पूर्ण उंचीत घेतले तर रुंदीत ५.३ मीटर व्यापते आणि दोन्ही बाजूंना काहीतरी सजावट भरावी लागते.

आता मॅपिंग. लॅपटॉपमधून सहज निघणारे चित्र १९२० बाय १०८० पिक्सेलचे असते, आणि आपल्या अखंड भिंतीची रुंदी आहे २०४८. काही ठिकाणी लॅपटॉपचे चित्र प्रोसेसरकडून (लॅपटॉप आणि पॅनल यांच्यामधल्या यंत्राकडून) ताणून भिंतीला बसवले जाते. दुरून पाहणाऱ्याला ते ठीक वाटते. पण १२८ पिक्सेलचा हा फरक चित्रभर वाटला गेल्यामुळे शिरोरेखा कुठे एक पिक्सेल, कुठे दोन पिक्सेल जाडीची होते आणि मजकूर सरकू लागला की लुकलुकते. यावर दोन उपाय आहेत. पहिला, ग्राफिक्स कार्डातून २०४८ बाय ७६८ असे वेगळे रिझोल्यूशन काढणे. एकूण पिक्सेल पूर्ण एचडीपेक्षा कमीच असल्याने केबलवर त्याचा भार पडत नाही, पण प्रोसेसरच्या माहितीपत्रकात रुंदीची मर्यादा आधी पाहून घ्यावी लागते. दुसरा उपाय मला अधिक आवडतो: भिंत पंधरा बाय सहाची करणे. पंधरा गुणिले १२८ बरोबर १९२० होतात, चित्र कुठेही न ताणता पिक्सेलला पिक्सेल बसते, आणि सहा पॅनल राखीव म्हणून हाताशी राहतात. अर्धा मीटर रुंदी गेल्याचे प्रेक्षकांतल्या कोणाच्याही लक्षात येत नाही. आयोजकाच्या लक्षात येते, कारण त्याने चौरस फूट मोजून पैसे दिलेले असतात; त्याला राखीव पॅनलचे महत्त्व समजावून सांगणे हा वेगळा उद्योग आहे.

पट्ट्यांच्या मांडणीचे मॅपिंग दोन तऱ्हांनी करता येते आणि या दोहोंतली निवड मूळ मांडणीइतकीच महत्त्वाची आहे. एका तऱ्हेत मोकळ्या जागा हिशेबात धरल्या जात नाहीत: मधला पडदा आणि सहा पट्ट्या एकमेकांना चिकटलेल्या आहेत असे मानून २०४८ बाय ७६८ चे चित्र तयार होते. त्यात उडणारा पक्षी एका पट्टीच्या कडेला पोहोचताच अर्धा मीटर उडी मारून पुढच्या पट्टीवर उगवतो. दुसऱ्या तऱ्हेत मोकळ्या जागाही चित्रात धरतात. अकरा मीटर म्हणजे बावीस पॅनलची रुंदी, म्हणून चित्र २८१६ बाय ७६८ चे होते आणि मोकळ्या जागांमागचा भाग कोणालाच दिसत नाही. पक्षी गजांच्या खिडकीपलीकडून जावा तसा, लपत आणि दिसत, पण एका गतीने जातो. पाऊस, धूर, लाटा, दिंडीच्या पताका अशा सलग हालचालीला ही दुसरी तऱ्हाच खरी वाटते; प्रत्येक पट्टीवर स्वतंत्र आकृती तालावर लावायची असेल तर पहिली पुरते आणि चित्र तयार करणाऱ्यालाही ती सोपी पडते.

हा हिशेब प्रोसेसरमध्ये मांडायचा की सॉफ्टवेअरमध्ये, यावर तंत्रज्ञांत मतभेद आहेत. एलईडी प्रोसेसर बनवणाऱ्या नोव्हास्टार कंपनीच्या नोव्हाएलसीटीसारख्या प्रणालीत पॅनल हवे तेथे ठेवून मोकळ्या जागांसह नकाशा करता येतो आणि मग कोणत्याही लॅपटॉपवरून चित्र लावता येते. पण त्याची किंमत पोर्टमध्ये, म्हणजे पॅनलकडे डेटा नेणाऱ्या केबलच्या जोडण्यांत, मोजावी लागते. नोव्हास्टारच्या एका गिगाबिट पोर्टवर ६० हर्ट्झ आणि ८ बिटला सुमारे ६,५०,००० पिक्सेल चालतात, म्हणजे आपली ३९ पॅनल. अखंड भिंतीला त्यामुळे तीन पोर्ट पुरतात. पट्ट्यांच्या बाबतीत छत्तीस पॅनल एका पोर्टवर बसतील असे वाटते, पण अनेक कंट्रोलर (पॅनलना डेटा पाठवणारी यंत्रे) पोर्टची क्षमता मोजताना त्या पोर्टवरील पॅनलना सामावणारा पूर्ण आयत धरतात आणि त्यात रिकामी जागाही मोजली जाते. डाव्या आणि उजव्या पट्ट्या एकाच पोर्टवर घेतल्या तर मधला पडदाही त्या आयतात येतो आणि मर्यादा केव्हाच ओलांडली जाते. म्हणून डावीकडे एक, उजवीकडे एक आणि मध्ये दोन असे चार पोर्ट लागतात. एमसीटीआरएल ६६० सारख्या चार पोर्टच्या कंट्रोलरवर एवढ्यात सगळे भरते आणि एखादी केबल निघाली तर दुसऱ्या बाजूने डेटा फिरवण्यासाठी एकही पोर्ट उरत नाही. ती सोय हवी असेल तर प्रत्येक पोर्टला जोडीदार हवा, आणि मग व्हीएक्स १००० सारखा दहा पोर्टचा प्रोसेसर मागावा लागतो.

माझा कल असा आहे की प्रोसेसरमधला नकाशा शक्य तितका साधा, मोकळ्या जागांशिवायचा ठेवावा आणि जागांचा हिशेब सॉफ्टवेअरमध्ये करावा. रेझोल्यूम अरेना या थेट चित्रे चालवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये कॉम्पोझिशन (पूर्ण चित्राची चौकट) २८१६ बाय ७६८ चे ठेवायचे, प्रत्येक पट्टीसाठी एक स्लाइस (चित्रातून कापलेला तुकडा) करायची, ती खऱ्या जागेवरून चित्र उचलेल आणि आउटपुटमध्ये शेजारच्या स्लाइसला चिकटून बसेल. अकरा मीटरचे चित्र असे २०४८ पिक्सेलमध्ये दुमडून बाहेर पडते. १९२० मध्येच राहायचे असेल तर मधला पडदा आणि पाच पट्ट्या एका ओळीत नेमक्या मावतात; सहावी पट्टी सहा तुकड्यांत कापून खालच्या रिकाम्या भागात आडवी मांडता येते, फक्त प्रोसेसरमध्ये त्या सहा पॅनलच्या जागाही तशाच सांगाव्या लागतात. हे रेझोल्यूमच्या स्वस्तातल्या अव्हेन्यू आवृत्तीत होत नाही, त्याला अरेनाच लागते. आणि ती चालवणारा माणूस लागतो. कार्यक्रमात केवळ सादरीकरणाच्या स्लाइड आणि कॅमेरा असेल, व्हीजे (कार्यक्रमात थेट चित्रे चालवणारा) नसेल, तर पट्ट्यांचा मोह टाळून पंधरा बाय सहाची भिंत घ्यावी.

प्रोसेसरवर नको तेवढे अवलंबून राहिल्याचा फटका मी एकदा खाल्ला आहे. खुल्या मैदानावरच्या एका कार्यक्रमात दुपारभर बसून पट्ट्यांचा नकाशा तयार केला आणि पॅनलवर पाठवला. चित्र अचूक आले म्हणून सगळे चहाला गेले. पाठवणे आणि जतन करणे ही दोन वेगळी बटणे आहेत, आणि दुसरे दाबायचे राहून गेले होते. संध्याकाळी जनरेटर बदलताना वीज गेली, आली, आणि सहाही पट्ट्यांवर मागच्या कार्यक्रमाचा नकाशा उगवला: निवेदिकेचा एक डोळा डाव्या विंगेत, दुसरा उजव्या. ज्या लॅपटॉपवर फाइल होती तो घेऊन सहकारी जेवायला गेला होता.

उभारणीचा भाग थोडक्यात. असे एक पॅनल साधारण आठ किलोचे असते, म्हणजे ९६ पॅनलचे पावणेआठशे किलो, शिवाय टांगण्याच्या पट्ट्या. रुंद भिंत जमिनीवर उभी केली तर मागच्या आधारांवर ती बऱ्यापैकी निश्चल राहते. अर्धा मीटर रुंदीची तीन मीटर उंच पट्टी मात्र वाऱ्याला आणि धावत्या नर्तकाच्या धक्क्याला सहज दाद देते. ती ट्रसला (मंचावरच्या धातूच्या सांगाड्याला) टांगावी किंवा वरून बांधलेली असावी, खुल्या मैदानावर तर यात तडजोड नको. विजेसाठी पॅनलवर लिहिलेला कमाल भार पाहावा. तो १८० वॉट असेल तर १६ अँपिअरच्या एका लाइनवर कागदोपत्री वीस पॅनल बसतात, पण तालावर पूर्ण पांढरा पडदा लखलखणार असेल तर बारा ते पंधरावर थांबावे. दोन पट्ट्या म्हणजे बारा पॅनल, त्यामुळे पट्ट्यांची वाटणी इथे आपोआप नीट होते.

पट्ट्यांचा आणखी एक फायदा पुरवठादार स्वतःहून सांगत नाहीत. वेगवेगळ्या खेपांची पॅनल एका भिंतीत शेजारी आली की राखाडी रंगावर बुद्धिबळाचा पट दिसतो. पट्ट्यांत एक खेप मध्ये आणि दुसरी बाजूंना ठेवली तर अंधाऱ्या मोकळ्या जागांमुळे रंगातला फरक डोळ्यांना जाणवत नाही. मात्र खेप वेगळी आणि पॅनलचे मापच वेगळे यांत गफलत करू नये. ५ मिलिमीटर पिचचे जुने ६४० मिलिमीटरचे पॅनलही १२८ बाय १२८ पिक्सेलचेच असते. नकाशात दोन्ही हुबेहूब सारखी दिसतात, आणि मंचावर बाजूच्या पट्टीतले वर्तुळ मधल्या वर्तुळाहून २८ टक्के मोठे होते.

बारीक पिच घ्यावी का, हेही विचारले जाते. २.६ मिलिमीटरच्या पॅनलमध्ये १९२ बाय १९२ पिक्सेल असतात, एका पोर्टवर सतराच पॅनल चालतात, आणि ९६ पॅनलचे पस्तीस लाखांहून अधिक पिक्सेल चार पोर्टच्या कंट्रोलरला झेपत नाहीत. पहिली रांग भिंतीपासून चार-पाच मीटरवर असेल तर ३.९१ पुरते. कार्यक्रमाचे चित्रण होणार असेल तर पिचपेक्षा रिफ्रेश रेट (सेकंदाला चित्र किती वेळा नव्याने उमटते) १९२० हर्ट्झ आहे की ३८४०, हे आधी विचारावे. कॅमेऱ्यात आडव्या रेषा येतात त्या कमी रिफ्रेशमुळे.

मांडणी कोणतीही ठरली तरी चाचणीसाठी प्रोसेसरमधल्या तयार रंगीत चौकटींवर थांबू नये. प्रत्येक पॅनलचा क्रमांक, सगळ्या रचनेला कवेत घेणारे एक मोठे वर्तुळ आणि वरपासून खालपर्यंत दर पॅनलच्या रांगेत एक लांबलचक मराठी ओळ, असे चित्र करून ठेवावे. क्रमांकावरून अदलाबदल झालेले पॅनल सापडते, वर्तुळावरून मोकळ्या जागांचा हिशेब चुकला असेल तर कळते, आणि शिरोरेखेवरून कोणत्या पॅनलची कडी नीट बसली नाही ते खाली उभे राहून दाखवता येते. हाच क्रमांक पॅनलच्या पाठीवर टेपने चिकटवावा, कारण दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावात हीच पॅनल उतरवणारी माणसे वेगळी असतात.