स्वतः बांधलेल्या विमानातील ऑटोपायलट : यंत्र चोख, पुस्तिका अपुरी

दोन आसनांच्या, स्वतः बांधलेल्या धातूच्या विमानात मी गेल्या वर्षी दोन अक्षांचा डिजिटल ऑटोपायलट बसवला आणि पुढचे जवळजवळ पाच महिने तो नीट चालवण्यात घालवले. आज तो समाधानकारक चालतो. तरीही हा अभिप्राय निखळ प्रशंसेचा नाही. या काळात सापडलेले दोष बहुतांशी माझ्याच विमानातले होते. ते नेमके कुठे आहेत हे दाखवण्याची सोय यंत्रात होती, पण उत्पादकाच्या पुस्तिकेने मला भलतीकडेच पाठवले.

संचात पॅनेलवरचा नियंत्रक, एलेरॉन (पंख झुकवणारा पृष्ठभाग) व एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारा पृष्ठभाग) यांसाठी एकेक सर्व्हो (ते हलवणारी विद्युत मोटर), ब्रॅकेट आणि जोडणीच्या तारा येतात. सर्व्हो बंद असताना स्टिकला (वैमानिकाच्या हातातल्या नियंत्रण-दांड्याला) जाणवण्याजोगा अडथळा होत नाही, चालू असताना वैमानिकाने जोर लावला तर त्याच्यावर मात करता येते, आणि तो आतून अडकलाच तर शिअर पिन (जास्त भार आला की मुद्दाम तुटणारी खीळ) तुटून नियंत्रण मोकळे होते. (त्या पिनेच्या जागी ‘मजबुतीसाठी’ पोलादी बोल्ट बसवणारे लोक आहेत. त्यांच्या विमानात मी बसणार नाही.) सर्व्होची भुजा पुशरॉडच्या (हालचाल पुढे नेणाऱ्या दांड्याच्या) रेषेत येऊन पलीकडे उलटली, तर स्टिक एका टोकाला अडकून बसू शकते. ते टाळण्यासाठी भुजेचा कोन किती असावा आणि अटकाव कुठे बसवावा, हे पुस्तिकेत आकृत्यांसह दिलेले आहे, आणि पुस्तिकेतला तेवढा भाग खरोखर उत्तम आहे.

अडचण पहिल्या उड्डाणातच आली. उंची धरून ठेवण्याचा आदेश दिला, की विमान दर दहा-बारा सेकंदांनी नाक वर-खाली करू लागे आणि उंची दोन्ही बाजूंना पन्नास-साठ फूट ढळे. अशा हेलकाव्यांवर पुस्तिकेत एकच उपाय लिहिला आहे : संवेदनशीलतेचा आकडा (उंची ढळली की सर्व्होने किती जोरात प्रतिसाद द्यावा तो) कमी करा. मी तो टप्प्याटप्प्याने कमी करत गेलो, तसे हेलकावे संथ झाले, पण मोठेही झाले. खरे म्हणजे तिथेच थांबायला हवे होते. आकडा जास्त असल्यामुळे होणारे हेलकावे तो उतरवला की शमतात. ते संथ होऊन वाढत असतील, तर दोष आकड्यात नसून सर्व्हो आणि एलिव्हेटर यांच्यामधल्या घर्षणात किंवा ढिलाईत असण्याची शक्यता मोठी असते. पुस्तिकेत हे एक वाक्य असते, तर माझी निदान सहा उड्डाणे वाचली असती.

नियंत्रक प्रत्येक उड्डाणाची नोंद साठवतो, हे मला नंतर कळले. सर्व्होची स्थिती, त्याच्यावरचा जोर आणि नाकाचा कोन हे तिन्ही एकाच आलेखावर मांडल्यावर चित्र स्वच्छ झाले. सर्व्हो सरकत होता, जोर वाढत होता, पण नाक जागचे हलत नव्हते. मग ते एकदम उसळे आणि सर्व्हो घाईघाईने उलट फिरे. जमिनीवर मित्राला स्टिक घट्ट धरायला सांगून मी सर्व्होची भुजा हाताने दाबली, तेव्हा ब्रॅकेट ज्या पातळ पत्र्यावर बसवला होता तो पत्राच जवळपास दोन मिलिमीटर वाकत होता. शिवाय भुजा आणि बेलक्रँक (हालचालीची दिशा बदलणारी तरफ) एका पातळीत नसल्याने दांड्याच्या टोकाचे रॉड-एंड बेअरिंग तिरके ओढले जात होते. पत्र्याला मागून दुसरी पट्टी व कोनाचा आधार रिव्हेट केला, वॉशरची जाडी बदलून दोन्ही टोके एका पातळीत आणली, आणि संवेदनशीलता पुन्हा मूळ आकड्यावर नेली. त्याच संध्याकाळी विमान वीस फुटांच्या आत उंची धरून उडाले.

उरलेले दोष त्यामानाने किरकोळ होते, पण त्यातला एक फसवा होता. केबिनमधली हवेची झडप उघडली, की अल्टिमीटर (हवेच्या दाबावरून उंची दाखवणारे उपकरण) जागचा हलत नसे, मात्र जीपीएसवरची उंची बदलत असे. ऑटोपायलट आपले काम चोख करत होता, त्याला मिळणारा स्थिर दाबच खोटा होता, कारण बाहेरच्या हवेचा दाब उपकरणांपर्यंत आणणाऱ्या पॅनेलमागच्या स्टॅटिक नळीचा एक सांधा सैल होता आणि तिच्यात केबिनमधला दाब शिरत होता. केबिनमध्ये दाब नसलेल्या विमानांसाठी अमेरिकी नियमांतला निकष असा आहे, की स्टॅटिक नळीतली हवा ओढून अल्टिमीटर १००० फूट वर नेला, तर एका मिनिटात तो १०० फुटांपेक्षा जास्त उतरता कामा नये. माझा त्याच्या कितीतरी पट जास्त उतरला. ही चाचणी करताना वेगमापकाचा काटाही १४५ नॉटच्या आसपास चढतो. तो पाहून दचकून नळी एकदम सोडू नये, दाब हळूहळूच पूर्ववत करावा.

मधूनमधून ‘सर्व्हो सापडत नाही’ असा संदेश येत असे, त्याचा दोष मात्र उत्पादकाकडे जातो. कॅन बसच्या (नियंत्रक व सर्व्हो यांच्यात संदेश नेणाऱ्या दोन तारांच्या जोडणीच्या) दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर हवा, म्हणजे वीजपुरवठा बंद करून दोन तारांमध्ये मल्टिमीटर लावला की साधारण ६० ओहम दिसायला हवेत. मला ४० दिसले, म्हणजे तीन रेझिस्टर. नव्या सर्व्होमध्ये रेझिस्टर आतच बसवलेला आहे आणि पुस्तिकेतली आकृती मात्र जुन्या सर्व्होची आहे. ही चूक दुरुस्त करायला एक पान बदलणे पुरेसे होते.

रेडिओवर बोलू लागताच उजवा पंख झुकण्याचा प्रकार अँटेनाच्या केबलमुळे होत होता; तिच्या कनेक्टरमधली जाळी मी नीट क्रिंप केली (दाबून पक्की बसवली) नव्हती. उड्डाणापूर्वी इंजिन बंद ठेवून ऑटोपायलट चालू करावा, आधी ऐकून वारंवारिता मोकळी असल्याची खात्री करून थोडा वेळ प्रसारणाचे बटन दाबावे आणि स्टिककडे पाहत राहावे. ११८ ते १३७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात दोन-तीन ठिकाणी हे करून पाहणे बरे, कारण माझ्या विमानात हा दोष फक्त वरच्या टोकाला दिसत होता.

ग्राहकसेवेचा अनुभव संमिश्र आहे. ई-मेलला दुसऱ्या दिवशी उत्तर येते, पण पहिले उत्तर देणाऱ्याने पुस्तिकेतलाच सल्ला पुन्हा पाठवला. तिसऱ्या पत्रानंतर प्रकरण ज्या तंत्रज्ञाकडे गेले, त्याने उड्डाणाची नोंद मागवली आणि ती पाहून ‘सर्व्होचा आधार तपासा’ एवढेच लिहिले. तो आलेख मी स्वतः काढला, तोही या उत्तरानंतर. पुस्तिकेत या नोंदीविषयी जेमतेम अर्धे पान आहे, आणि तेही परिशिष्टात.

ज्याला आपल्या विमानातला प्रत्येक सांधा पुन्हा उघडून पाहण्याची तयारी आहे, त्याने हा ऑटोपायलट अवश्य घ्यावा. बसवला की चालला, अशी अपेक्षा असेल तर घेऊ नये. माझ्याकडे अजून एक तक्रार शिल्लक आहे : दोन टाक्यांतल्या इंधनात बराच फरक पडला की एलेरॉनचा सर्व्हो मुकाट्याने भार पेलत राहतो, ट्रिम (स्टिकवर जोर न लावता विमान समतोल ठेवणारी जुळणी) बदलण्याची सूचना फार उशिरा देतो, आणि ऑटोपायलट सोडताच पंख जड बाजूला पडतो. ती दूर होईपर्यंत मी दर अर्ध्या तासाने टाकी बदलतो आणि स्टिक हातात धरूनच ऑटोपायलट सोडतो.