आमचं किराणा दुकान 'मार्ट' झालं, त्याचा रिव्ह्यू (३/५)

दुकानाचं नाव लिहीत नाही, काकांची आणि आमची पंचवीस वर्षांची ओळख आहे आणि उद्या साखर संपली की परत तिथंच जायचंय. सांगलीतलंच आहे, एवढं पुरे.

आधी हे साधं दुकान होतं. पुढं लाकडी काउंटर, मागं पोती, वर दोऱ्याचं रीळ टांगलेलं. आई शाळू घ्यायला गेली की काका पोत्यातनं मूठभर काढून तिच्या हातावर ठेवायचे, ती एक दाणा दाताखाली धरून बघायची, आणि कधीकधी काकाच म्हणायचे, "वैनी, ह्यो नको न्हेऊ, गुरवारी नवा येतोय." माल विकणारा माणूस स्वतःच नको म्हणतोय, असं दुकान होतं ते. लाल खातेवही होती, पगार झाला की हिशोब. २०१९ च्या पुरात आमच्या घरात पाणी आलं तेव्हा महिनाभर काकांनी पैशाचं नाव काढलं नाही.

आता काकांचा पोरगा पुण्यातनं एमबीए करून आलाय. पोरगा चांगला आहे, कष्टाळू आहे, हे आधीच सांगतो. त्यानं शेजारचा गाळा भाड्यानं घेतला, लोन काढून रॅक आणि एसी बसवला, आणि डीमार्टमध्ये जे जे दिसतं ते सगळं आणलं. ट्रॉल्या आणल्या, दारात पिशवी जमा करून टोकन, बाहेर पडताना बिलाला भोक पाडणारा पोरगा. रॅकमधली वाट एवढी अरुंद की समोरनं दुसरी ट्रॉली आली की एकानं रिव्हर्स घ्यायचा, परवा डाळीच्या रॅकपाशी मी आणि एक मावशी असे अडकलो की शेवटी त्यांनी ट्रॉली तिथंच सोडली आणि डाळ हातात घेऊन गेल्या.

चांगलं काय ते पण लिहितो. बिल स्वच्छ येतं, एमआरपी किती आणि आपल्याला किती लावला सगळं दिसतं. एक्स्पायरी डेट स्वतः बघून घेता येते. माझी बायको म्हणते सॅनिटरी पॅड मागायला काउंटरवर चार पुरुषांच्या मागं उभं राहावं लागत नाही, ही एकच गोष्ट पाच स्टारची आहे, आणि ते खरंय.

पण भावाचं गणित काही जमत नाही बघा. तूरडाळ पूर्वीपेक्षा दोन रुपयांनी स्वस्त केलीय, तरी डीमार्टपेक्षा महागच. मी कुपवाडला एका कंपनीत परचेसला आहे त्यामुळं सवयीनं विचारलं, एजन्सीला पेमेंट किती दिवसांनी करतोस रे? म्हणाला, "दादा, पंचेचाळीस दिवस तरी लावतोच की." आता डीमार्ट स्वस्त का देऊ शकतं तर ते पुरवठादाराचे पैसे पटकन चुकते करतात म्हणून त्यांना माल कमी भावात मिळतो, बहुतेक जागा स्वतःच्या आहेत म्हणून भाडं नाही, आणि २००२ मध्ये पवईला पहिलं दुकान काढल्यापासून बरीच वर्षं गडबड न करता हळूहळू वाढलेत. ह्यातलं काहीच ट्रॉलीत दिसत नाही. ह्यानं दिसतं तेवढं उचललं आणि जे दोन रुपये कमी केले ते स्वतःच्या खिशातनं.

हसू येतंय पण आमच्या कंपनीत तरी वेगळं काय झालंय. जपानी पद्धत म्हणून कानबानचे (म्हणजे संपलं तेवढंच परत मागवायचं) बोर्ड लावले, रंगीत कार्डं छापली, आता त्यावर धूळ आहे आणि गोडाऊनमध्ये तीन महिन्यांचा माल पडलाय. गंमत अशी की टोयोटाच्या ताइची ओहनोंना ही कल्पना सुचली ती किराणा सुपरमार्केटवरनंच. १९५६ मध्ये अमेरिकेला गेले तेव्हा ती दुकानं त्यांनी स्वतः बघितली. गिऱ्हाइकानं जेवढं उचललं तेवढंच रॅकवर परत भरायचं, हे तिथनं घेतलं आणि गाड्यांच्या कारखान्यात बसवलं. ट्रॉल्या नाही नेल्या जपानला.

आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे खातं बंद केलं. "डीमार्टमध्ये उधारी असते का?" असं पोरगा म्हणतो. अरे, नसते म्हणूनच तर लोक तुझ्याकडं यायचे! अमेरिकेत जे सी पेनी म्हणून मोठ्या दुकानांची साखळी आहे, तिचं असंच झालं होतं. ॲपलची दुकानं उभी केलेला रॉन जॉन्सन २०११ मध्ये तिथं सीईओ म्हणून आला, कूपन आणि सेल बंद करून रोज एकच भाव ठेवला, आधी चार दुकानांत करून बघायचं तेही नाही केलं. कूपनवाली गिऱ्हाइकं निघून गेली, २०१२ मध्ये विक्री पाव हिश्श्यानं पडली, आणि एप्रिल २०१३ ला त्याला घरी पाठवला. इथं पण आमच्या गल्लीतली निम्मी खाती कोपऱ्यावरच्या दुसऱ्या छोट्या दुकानात गेलीत, आणि ज्यांना स्वस्तच पाहिजे ते सरळ डीमार्टला जातात.

'१५ मिनिटांत घरपोच' असा बोर्ड पण आहे. त्यासाठी एक पोरगा आणि एक स्प्लेंडर, आणि तोच पोरगा दारात बिलाला भोक पाडायला. तो ऑर्डर घेऊन गेला की सगळे बिल हातात घेऊन दारात उभे.

तीनच स्टार का, तर परवा आई गेली होती. पिशवी जमा केली, पाच किलोचा शाळू सीलबंद पिशवीतनं घ्यावा लागला, फोडून बघायची सोय नाही. बाहेर पडताना त्या पोरानं तिच्या ट्रॉलीतल्या वस्तू बिलाशी एकेक करून मोजल्या. नवीन आहे, त्याला काय माहीत. आई काही बोलली नाही, घरी येऊन चहा पण नाही घेतला. शाळूला कीड निघाली. परत न्यायला गेलो तर सात दिवसांत बिल दाखवा असं म्हणाले, बिल होतं म्हणून पैसे मिळाले, वाद नाही. पण पूर्वी तो शाळू घरापर्यंत आलाच नसता.

आता कामाची टिप. सकाळी अकराच्या आत जा, काकांचा पोरगा तेव्हा मार्केट यार्डाला गेलेला असतो. मागच्या दारानं गोडाऊनकडं गेलात की काका स्टुलावर बसलेले दिसतील. दोन पोती तिथं उघडी आहेत. आई कालच बघून आली, शाळू चांगला आहे, आणि लाल वही त्यांनी तराजूखाली ठेवलीय.