लवेच्या पाठीचं मेणकापड: गोधडीचे चौकोन मांडायला कितपत कामाचं?

टेबलावर टाकायचं मेणकापड गोधडीच्या मांडणीसाठी घेताना फुलांच्या बाजूकडे पाहूच नका, उलटवून पाठ पाहा. आठवडी बाजारात जे रोल उभे असतात त्यांची पाठ कुठे गुळगुळीत, कुठे फोमची, तर कुठे बारीक लव असलेली. आपल्या कामाची फक्त लवेची. साडेतीन इंचाचा सुती तुकडा सोबत न्या, लवेवर तळहाताने दाबा, मेणकापड उभं धरून दोनदा झटका. तुकडा जागचा हलला नाही तर दोन मीटर कापून घ्या.

दोनच मीटर का? मोठी गोधडी 63 बाय 90 इंचांची धरली तर आडवे 7 आणि उभे 10, असे 9 इंची 70 चौकोन लागतात. एकमेकांना जोडण्याआधी माया (शिवणीत जाणारी कड) धरून तो चौकोन साडेनऊ इंचांचा असतो. दोन मीटर लांबीत असे सात आरामात बसतात (साडेसहासष्ट इंच). मेणकापडाचा पन्हा साधारण 54 इंच, त्यात पाच ओळी बसून साडेसहा इंच काठ उरतो. म्हणजे 35 चौकोन, बरोबर अर्धी गोधडी, एका वेळी डोळ्यांसमोर. उरलेल्या काठावर खडूने ओळींची नावं लिहायची: क, ख, ग, घ, च.

या अर्ध्या-अर्ध्या मांडणीतच मोठी फसगत आहे. नऊघरी चौकोन (नऊ छोटे तुकडे जोडून केलेला) आणि साधा चौकोन आलटून पालटून लावताना पहिली ओळ नऊघरीने सुरू केली तर पाचवीही नऊघरीनेच सुरू होते. सहावी ओळ मेणकापडावर पुन्हा अगदी वर येते आणि हात सवयीने तिथेही नऊघरीच ठेवतो. मग गोधडीच्या ऐन मध्ये दोन सारख्या ओळी एकमेकींना चिकटतात. वरच्या अर्ध्यात 18 नऊघरी आणि 17 साधे, खालच्या अर्ध्यात 17 नऊघरी आणि 18 साधे. शिवायला बसण्याआधी एवढं मोजलं तरी पुरे. बचत गटात एकीने मांडायचं आणि दुसरीने शिवायचं असेल तर हे आकडे काठावरच लिहून ठेवा.

नऊघरी शिवतानाही हेच मेणकापड जमिनीवर पसरून वापरता येतं. त्यावर एकाच चौकोनाची नऊ घरं मांडा, चार कोपरे आणि मधलं घर गडद, बाकी चार फिकी. प्रत्येक घरावर साडेतीन इंची दहा तुकड्यांची चळत ठेवा. दहाच्या वर चळत कलते आणि रंग मिसळतात. आता पहिल्या ओळीतलं पहिलं आणि दुसरं घर सुलट बाजू आत घेऊन जोडा, दोरा न तोडता दुसऱ्या ओळीची जोडी घाला, मग तिसऱ्या ओळीची. तसाच पुढचा चौकोन. तीस जोड्यांची माळ तयार होते. प्रत्येक चौकोनाच्या पहिल्या जोडीच्या मध्यावर एक टाचणी लावून ठेवा, नाहीतर तीस जोड्यांत कुठला चौकोन कुठे संपला ते कळत नाही. माळ परत पहिल्या टोकापासून घेऊन प्रत्येक जोडीला तिसरं घर जोडा आणि त्यानंतरच दर तीन ओळींनी दोरा कापा. चौकोनाच्या आतला दोरा शाबूत ठेवायचा. तीन ओळी त्या दोऱ्यानेच एकमेकींना धरून राहतात, म्हणून क्रम चुकायला जागा उरत नाही. हे सगळं पायाच्या मशीनवर होतं. भारनियमनात माळ ओवून घ्यायची आणि वीज आली की सगळी इस्त्री एकदम.

इस्त्री करताना माया नेहमी गडद तुकड्याकडे झोपवा. पहिल्या आणि तिसऱ्या ओळीची माया बाहेर जाते, मधलीची आत, त्यामुळे आडवी टिप मारताना सांधे एकमेकांत अडकून बसतात. नऊघरी चौकोन अर्धा वळसा फिरला तर काही बिघडत नाही. पाव वळसा फिरला तरी रंग तसेच दिसतात, पण उभ्या आणि आडव्या टिपांची अदलाबदल होते. म्हणून ओळीच्या नावाची चिठ्ठी कायम वरच्या डाव्या कोपऱ्यातच टाचा. गोधडीच्या ओळी जोडताना माया साध्या चौकोनाकडे झोपवा, म्हणजे वरची-खालची ओळ आपोआप विरुद्ध बसते.

मायेचा हिशेब दोन सुतांचा, म्हणजे पाव इंच. साध्या काळ्या मशीनच्या फुटाची (कापड दाबून धरणाऱ्या पायाची) कड सुईपासून बरोबर दोन सूत असेलच असं नाही. सुईच्या टोकापासून मोजून पाटावर चिकटपट्टीचे चार-पाच थर लावा आणि कापडाची कड त्याला टेकवत चला. टिप अर्धं सूत आत गेली तर प्रत्येक जोडाला एक सूत जातं. साडेनऊचा चौकोन सव्वानऊचा होतो, मग तो शेजारच्या साध्या चौकोनाला कसा जुळणार? तो दोष मेणकापड झाकत नाही, उलट उघडा पाडतं.

आता उणिवा. जुन्या सुती लुगड्याचे, धोतराचे तुकडे लवेला छान धरतात. सिंथेटिक साडीचे घसरतात, त्यांना टाचणी लागतेच. शिवलेला नऊघरीही मायेमुळे जड होतो, उभ्या मांडणीत त्याला वरून एक टाचणी द्या. उभं टांगायचं तर वरच्या काठाला बांबू शिवून दांडीला बांधा, मातीच्या भिंतीत खिळा टिकत नाही. समोर कूलर चालू असेल तर सुटे तुकडे खोलीभर होतात, म्हणून मांडणी आधी, कूलर नंतर. आणि मेणकापडावर इस्त्री कधीच फिरवू नका, प्लास्टिक वितळून चिकटतं. इस्त्रीला वेगळी घोंगडी घ्या.

एकाच रंगाची, एकसारख्या चौकोनांची गोधडी करणाऱ्यांनी हे घेऊ नये, त्यांना वर सांगितलेली दोऱ्याची माळ पुरते. चिंध्यांची, रंग बदलत जाणारी गोधडी असेल तर मात्र घ्याच. पाचपैकी साडेतीन. अर्धा गुण घडीसाठी कापला, कारण एकदा घडी पडली की ती वळ तशीच राहते आणि त्यावर तुकडा बसत नाही. स्प्रिंकलरच्या तुटक्या पाइपावर गुंडाळा, मांडणी आत असेल तर वरून जुनं धोतर पसरून मगच गुंडाळा. आणि मे महिन्यात ती गुंडाळी टिनाखाली ठेवू नका, मेणकापड मऊ पडून आपल्याच थराला चिकटतं.