प्लास्टिकचं घुबड: ससाण्याला काही फरक पडत नाही
रत्नागिरीत घरच्या कबुतरांच्या ढाबळीवर (खुराड्यावर) शिकारी पक्षी पळवायला साडेसहाशेला ऑनलाइन मागवलं, डोळे चमकतात, मान वाऱ्यावर फिरते वगैरे. कावळे बिचकले, पण माझी कबुतरं त्याहून जास्त, दोन दिवस खाली उतरेचनात! पाचव्या दिवशी शिक्रा (छोटा शिकारी पक्षी) त्याच घुबडाच्या डोक्यावर बसलेला, खोटं नाय सांगत. आणि बहिरी ससाणा तर वरून ताशी ३०० किमीच्या वर स्पीडने सूर मारतो, तो कशाला बघतोय खाली काय बसवलंय ते. माझी निळी होमर (लांबून सोडली तरी घरी परतणाऱ्या जातीची) कबुतर मादी गेली, माडाखाली पिसं आणि रिंगवाला पाय तेवढा मिळाला. आता थंडीत कबुतरं रोज वेळ बदलून सोडतो, त्याने जरा बरं आहे. घुबडाला एक स्टार, तोही कावळ्यांसाठी, सध्या वाळत घातलेल्या सोड्यांवर (सोललेल्या कोळंबीवर) राखणीला बसवलंय.