हायड्रो ट्रॅक्टर, ११ महिने, ३८० तास: ताकद जाते कुठे आणि ती जाळी

१७ एप्रिलला दुपारी अडीच वाजता शेणखताची ट्रॉली घेऊन बागेच्या चढावर माझा ट्रॅक्टर थांबला. बंद पडला नाही. इंजिन पूर्ण आवाजात चालू, पेडल तळाला टेकलेलं, आणि मागची चाकं जेमतेम हलतायत. सीटच्या खालून सूंऽऽ असा बारीक, लांबलेला आवाज. पेडलवर अजून जोर दिला तर आवाज वाढला, ट्रॅक्टर तिथंच. गडी खाली उतरून चाकामागं दगड लावत होता. चाळीस मिनिटं चिंचेखाली थांबलो. मग चालू केला तर तीच ट्रॉली, तोच चढ, गुमान वर गेला.

गेल्या जूनमध्ये घेतला, २६ एचपी, फोर व्हील, हायड्रो. हायड्रो म्हणजे ज्यात इंजिनाची ताकद गिअरऐवजी तेलाच्या दाबानं चाकांपर्यंत जाते. एचपी, टायर, लिफ्ट हे सगळं तुम्ही कंपनीच्या कागदावर वाचलेलंच असेल, ते परत लिहीत नाही. नावही लिहीत नाही, कारण शोरूमशी माझा हिशोब अजून मिटलेला नाही. आमच्याकडं जालना तालुक्यात ३ एकर द्राक्ष आणि ४ एकर मोसंबी. माझ्या चुलतभावानं त्याच इंजिनाचा गिअरचा मॉडेल माझ्या आधी चार महिने घेतला. म्हणजे आमच्या एकाच बांधावर एकाच इंजिनाचे दोन ट्रॅक्टर आहेत, फरक फक्त मधल्या डब्याचा. हायड्रोला मी ८५ हजार जास्त मोजले. त्यामुळं त्या चढावर माझ्या जिवाला काय झालं असेल, ते ज्यानं हप्ता भरलाय त्यालाच कळेल.

दुसऱ्या दिवशी शोरूमचा मेकॅनिक आला. त्यानं डिपस्टिक ओढली, तेल बोटांत चोळलं आणि म्हणाला, "ऑइल खराब झालं मालक. गरम होऊन पातळ पडलंय." २० लिटरची बादली ७,२०० आणि फिल्टर १,९०० रुपये. वॉरंटीत बसत नाही म्हणे, तेल खर्चाची वस्तू आहे. मी पैसे दिले. काढलेलं जुनं तेल मात्र नेऊ दिलं नाही, कॅनमध्ये भरून ठेवलं. त्यातलं थोडं पाण्याच्या बाटलीत घेऊन उन्हात धरलं. मधाच्या रंगाचं, आरपार दिसणारं, जळका वास नाही, तळाला कण नाही. २० एप्रिलला नव्या तेलावर परत तोच चढ, परत तोच आवाज. शोरूमला फोन लावला तर उत्तर आलं, "हायड्रोमध्ये एवढं चालतंच. ताकद थोडी खातोच तो."

त्या रात्री मी दोन पानं लिहून ठेवली होती. त्यात सरळ होतं की मराठवाड्यात हायड्रो घेऊ नका, गिअरच घ्या. ती पानं आता इथं टाकत नाही, कारण त्यातलं अर्धं चुकीचं निघालं. जे बरोबर होतं ते आधी सांगतो.

ताकद खातो, हे खरं आहे. गिअरमध्ये दाता दात्याला ढकलतो, एका जोडीत शंभरातले एक-दोन टक्के जातात, आणि सगळा गिअरबॉक्स ओलांडून चाकाकडं साधारण ९० टक्क्यांच्या आसपास ताकद पोहोचते. हायड्रोमध्ये इंजिन एक पंप फिरवतं. त्या पंपात गोलाकार मांडलेले छोटे पिस्टन असतात आणि समोर तिरकी होणारी तबकडी. पेडल दाबलं की तबकडी जास्त तिरकी होते, पिस्टन जास्त तेल ढकलतात, ते तेल मोटरला फिरवतं आणि मोटर चाकांना. या तेलाच्या प्रवासात ७० ते ८० टक्केच हाती लागतं, भार फार आणि वेग फार कमी असला तर त्याहून कमी. उरलेलं जातं कुठं? तेल तापवण्यात. २० एचपी त्या वाटेनं चालली आणि पाचवा हिस्सा गेला असं धरा, तर ४ एचपी म्हणजे जवळजवळ ३ हजार वॅट. आंघोळीचं पाणी तापवायचे १५०० वॅटचे दोन रॉड दिवसभर त्या तेलात बुडवून ठेवल्यासारखं. बाहेर ४२ डिग्री असताना ही उष्णता बाहेर काढायला एकच वाट, रेडिएटरजवळचा ऑइल कूलर.

पण पीटीओचा, म्हणजे मागचं अवजार फिरवणाऱ्या शाफ्टचा, हिशोब वेगळा आहे आणि इथं बरेच जण गफलत करतात, मीही केली होती. माझ्या ट्रॅक्टरमध्ये पीटीओची ताकद तेलातून जात नाही, शाफ्टनं सरळ मागं जाते. पंप सोबत फिरत राहतो, तेवढीच ओढ. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या कुबोटा एल २५०१ चं उदाहरण घ्या: इंजिन तेच, पीटीओला गिअरमध्ये २०.५ एचपी आणि हायड्रोमध्ये १९. दीड एचपीचा फरक. त्यातून रोटाव्हेटर स्वतःच ट्रॅक्टरला पुढं ढकलत असतो, चाकांना फार ओढावं लागत नाही. म्हणून रोटाव्हेटर आणि ब्लोअरला (फवारणीच्या पंख्याला) हायड्रो जवळजवळ गिअरइतकाच पुरतो. मार खातो तो ट्रॉलीला आणि मोगड्याला (माती उकरायच्या दातेरी अवजाराला), जिथं सगळं ओझं चाकांवर असतं.

भावानं आणि मी टाकी काठोकाठ भरून मोजलं. रोटाव्हेटरला एकरी त्याला ४.८ लिटर, मला ५.४. शेणखताच्या दहा खेपांना त्याला ६, मला साडेसात. फवारणीत फरक सापडलाच नाही. वर्षभराचं माझं काम धरून बेरीज केली: १५ लिटर जास्त डिझेल. आजच्या भावानं १,४०० रुपयांच्या आत. ज्या ताकदीवरून मी रात्र जागून लिहिलं, तिची वर्षाची किंमत फवारणीच्या एका औषधाच्या पुड्याएवढी. आणि मेकॅनिकच्या एका वाक्यावर विश्वास ठेवून तेल बदललं, त्याचे गेले ९,१००.

खरं कारण मिस्त्रींनी दाखवलं. जालन्यात त्यांचं जुनं वर्कशॉप आहे, शेजारच्या गावात दुसऱ्या कामाला आले होते, वाटेत थांबले. वय साठीच्या पुढं. त्यांनी आधी ट्रॅक्टर पाहिलाच नाही, मला म्हणाले, "चढावर चालवून दाखवा." पाच मिनिटांत खाली उतरायला लावलं.

"दादा, रेंज कुठली आहे?"

हाय होती. हायड्रोलाही वेगाचे टप्पे असतात, त्यालाच रेंज म्हणतात: हायमध्ये वेग जास्त, लोमध्ये ओढ जास्त. ट्रॉलीला मी कायम हायच ठेवत होतो, लवकर जाईल म्हणून. शोरूमवाल्यानं डिलिव्हरीच्या दिवशी पेढे दिले, फोटो काढला, पण रेंजबद्दल एक शब्द सांगितला नव्हता. मिस्त्रींनी सांगितलं ते असं: चढावर इंजिनाचा आवाज बसायला लागला, तर पेडलवरचा पाय थोडा काढा. तबकडी सरळ होते, तेल कमी जातं, इंजिनाला श्वास मिळतो आणि त्याच ताकदीत दाब वाढतो. पाय काढला की ओढ वाढते. आपल्याला सवय उलटी, अडलं की दाबायचं. आणि इंजिन जोमात आहे पण सूंऽऽ आवाज येतोय, तर दाबाचा व्हॉल्व्ह उघडलाय. तेल चाकाकडं न जाता तिथूनच परत फिरतंय आणि इंजिनाची सगळी मेहनत नुसती उष्णता होतेय. तेव्हा पाय काढून भागत नाही, थांबून लो रेंज टाकायची. मोटरला तेच चाक फिरवायला कमी जोर लागतो, दाब उतरतो.

लो टाकली. ट्रॉली वर गेली. हळू गेली, पण आवाज न करता.

मग त्यांनी बॉनेट उघडलं आणि म्हणाले, "आता ही बघा तुमची खरी बिमारी."

आता जाळीबद्दल. मला माहीत आहे की एवढ्या मोठ्या यंत्रात एका जाळीवर इतकं लिहिणं जास्त वाटेल, पण मला तसं वाटत नाही. ऑइल कूलरच्या तोंडाला बारीक जाळी आहे. ती रेडिएटरच्या पुढं, बॅटरीच्या मागं. खरड छाटणीनंतर बागेत वाळलेल्या पानांचा चुरा असतो, त्यात काळ्या मातीची धूळ. तो चुरा जाळीवर बसून त्याची वाकळ झाली होती, बोटानं सोलली तर तळहाताएवढा तुकडा निघाला. मागं कूलरला हवाच नव्हती. ही जाळी काढायची तर आधी बॅटरीच्या वायरी सोडा, ट्रेचे १० नंबरच्या पान्याचे चार बोल्ट काढा, बॅटरी उचला, ट्रे उचला, मग जाळी तिरकी करून वर ओढा. मी घड्याळ लावलं: २५ मिनिटं. ऐन उन्हाळ्यात हे एक दिवसाआड करावं लागतं. रेडिएटरची जाळी हातानं वर सरकते, पाना लागत नाही. मग ज्या तेलावर आख्खा ट्रॅक्टर चालतो, त्याचीच जाळी बॅटरीमागं कुणी कोंबली? ज्यानं हे डिझाइन केलं त्यानं एप्रिलमध्ये एक दिवस द्राक्षबागेत रोटाव्हेटर मारून पाहायला हवा होता. मध्य प्रदेशातल्या बुदनीच्या केंद्र सरकारच्या संस्थेत ट्रॅक्टरच्या चाचण्या होतात, त्यात कडक उन्हातल्या तापमानाला पीटीओची ताकदही मोजतात. पण चाचणीतला ट्रॅक्टर स्वच्छ जाळीचा असतो. आमच्या जाळीवर पाला असतो.

जाळी साफ, रेंज लो. २६ एप्रिलपासून आजपर्यंत ४० डिग्रीच्या वर सात दिवस खेपा केल्या, एकदाही थांबला नाही. म्हणजे तेल खराब नव्हतंच. शोरूमला हे लेखी दिलंय, जुन्या तेलाचा कॅनही ठेवलाय. उत्तर आलेलं नाही. पैसे परत मिळाले नाहीत तर निदान डिलिव्हरीच्या वेळी रेंज आणि जाळी दाखवत जा, एवढं त्या पत्रात शेवटी लिहिलंय.

आता जे चांगलं आहे ते. गेल्या ऑक्टोबरात गोडी छाटणीनंतर पाऊस लागला, डाऊनीची (द्राक्षावरच्या बुरशी रोगाची) भीती, एक दिवसाआड फवारणी. माझी कंबर धरली होती. बायको म्हणाली, "मला दाखवा, मी चालवते." भावाचा गिअरचा ट्रॅक्टर तिनं कधी हातात घेतला नव्हता, क्लच आणि गिअरचा मेळ जमायचा नाही. हायड्रो तिनं एका सकाळी शिकला. पुढच्या बाजूनं दाबलं की पुढं, टाचेनं दाबलं की मागं, पाय काढला की थांबतो. तिसऱ्या दिवशी ती ९ फुटांच्या ओळीत ब्लोअर घेऊन फिरत होती, आणि मी बांधावर खुर्ची टाकून बसलो होतो.

त्यात एक गोष्ट मला नंतर लक्षात आली. भावाच्या ट्रॅक्टरला सिंगल क्लच आहे. ओळ संपली, वळायला क्लच दाबला की पीटीओही थांबतो, ब्लोअरचा पंखा बसतो. पुन्हा ओळीत शिरताना पंखा पूर्ण वेगात येईपर्यंत पहिले दोन-तीन वेल तसेच जातात. त्याच्या बागेत डाऊनीचे पहिले डाग ओळींच्या तोंडालाच दिसले, आम्ही दोघांनी मिळून पाहिले. माझ्याकडं वळताना क्लचचा प्रश्नच नाही. पीटीओ मिनिटाला ५४० फेऱ्यांवर तसाच, पंखा तसाच, आणि जिथं पाला दाट तिथं फक्त पाय सैल सोडून वेग कमी. इंजिनाला हात लावायचा नाही. त्या हंगामात माझ्या बागेत ओळींच्या तोंडाला डाग आले नाहीत. यात पाऊस, औषध, वेळ सगळंच आहे हे मान्य, पण मी त्या ८५ हजारांतला मोठा वाटा इथं वसूल धरतो.

त्रासही आहे. मोसंबीत दोन तास सलग पेडल धरलं की नडगी भरून येते. वेग धरून ठेवायचा लिव्हर आहे, पण सरळ लांब ओळीतच तो कामाचा. तेलाचा खर्च गिअरपेक्षा जास्त राहणारच, आणि हायड्रोला जे लिहून दिलंय तेच तेल घालायचं. कुणी दुकानदार "सगळं एकच असतं" म्हणाला तर तिथून निघा.

भाऊ आणि मी आता काम वाटून घेतलंय. मोगडा आणि लांबच्या ट्रॉल्या त्याच्या गिअरला, दोघांच्या बागांची फवारणी माझ्या हायड्रोला, डिझेल ज्याचं शेत त्याचं. यंदा ऑक्टोबरात त्याच्या बागेतही बायकोच फवारणी करणार आहे, तिनंच सांगून टाकलं.

जाळीचं मी गेल्या आठवड्यात मिस्त्रींकडूनच करून घेतलं. बॅटरीचा ट्रे दोन इंच पुढं सरकवला, जाळीला वर बिजागरी लावली. ६५० रुपये. आता बॉनेट उघडायचं, जाळी उचलायची, ब्रश मारायचा, खाली सोडायची. काल मुलानं केलं, दीड मिनिट लागला.